आवाज सरळ

आण्णा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, एक नंबर वरडाय लागलाय."

मी टेबलावर चांदीचे वाळे मांडून ते डबीत नीट बसतात का ते बघत होतो. पांडवपंचमीचा दिवस होता, सकाळचे पावणेबारा वाजले होते. दिवाळी संपून गेली होती, पण वीजखात्यातल्या लोकांची सुट्टी काही संपली नव्हती. आमचे वरिष्ठ खटावकर साहेब गावाकडे गेलेले. बोरेगाव उपकेंद्राचा तात्पुरता कारभार माझ्याकडे, म्हणजे श्रीपाद गुळवणी, कनिष्ठ अभियंता, वय बत्तीस, यांच्याकडे होता. त्या एवढ्या मोठ्या तारांच्या आवारात त्या वेळी आम्ही दोघंच होतो, मी आणि सिद्राम आण्णा कोरे.

मी म्हटलं, "वरडायला काय झालं? बोजा तर काहीच नाही."

"तेच म्हनतोय. बोजा न्हाई आन् वरडतोय."

एक नंबर म्हणजे आमचा मोठा ट्रान्सफॉर्मर. असे दोन होते, दोन खोल्यांएवढे. दिवाळीत गिरण्या आणि कारखाने बंद असतात, विजेला मागणी कमी असते, म्हणून दोन नंबर देखभालीसाठी बंद ठेवला होता. सगळा तालुका एक नंबरवर चालला होता आणि त्याला ते ओझं मुळीच जड नव्हतं. उपकेंद्र सोलापूरच्या बाजूला, एका उघड्या माळावर. दीड हात खणलं की काळा पाषाण लागायचा, झाड म्हणून जगायचं नाही. पूर्वेकडून एक लांबलचक लाइन यायची, ती आमच्याकडे संपायची.

आण्णांबद्दल सांगायला हवं. बावीस वर्षं ते ऑपरेटर होते. दर तासाला आवारात जाऊन मीटरचे आकडे घ्यायचे आणि नोंदवहीत लिहायचे, हे ऑपरेटरचं काम. त्या वहीत शेवटचा रकाना 'शेरा' असा असतो. बाकीचे ऑपरेटर तो कोरा सोडत, फार तर एक तिरकी रेघ मारत. आण्णांकडे त्यांच्या वडिलांच्या हातमागाचा एक सागवानी दांडा होता. त्याचं एक टोक ते ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला टेकवायचे, दुसरं कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि उभे राहायचे. मग आत येऊन शेऱ्यात दोन शब्द लिहायचे, 'आवाज सरळ'. दर तासाला, दर पाळीला, बावीस वर्षं. खटावकर साहेब म्हणायचे, कोरे ऐकतो की उभ्याउभ्या झोप काढतो ते एकदा तपासलं पाहिजे. आम्ही सगळे हसायचो. आण्णाही हसायचे.

मी वाळे डबीत टाकले आणि त्यांच्यामागे बाहेर गेलो.

नियंत्रण खोलीच्या दारातच मला तो ऐकू आला. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण आम्हाला ऐकू येत नाही, घरातलं घड्याळ ऐकू येत नाही तसं. ती बंद पडली किंवा बिघडली तरच कळते. आता ती गुणगुण नव्हती. खोल, खरखरीत घरघर होती, आणि पायाखालची खडी किंचित थरथरत होती. मी मीटर बघितले. बोजा नेहमीच्या चौथ्या हिश्श्याएवढा. तेलाचं तापमान ठीक. तेलाची पातळी ठीक. आकड्यांवरून विचाराल तर ट्रान्सफॉर्मर आरामात पहुडला होता.

मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला इंजिनिअर आणखी एक मीटर काढतो. ट्रान्सफॉर्मरचा मधला बिंदू, न्यूट्रल, तांब्याच्या जाड पट्टीनं जमिनीला जोडलेला असतो. तिच्यातून एरवी काहीच वाहत नाही. मी पट्टीभोवती चिमट्याचं मीटर लावलं. नाव घेण्यासारखं काही दाखवलं नाही.

"बघा आण्णा. काही नाही."

 आण्णा आत गेले आणि खटावकर साहेबांच्या टेबलावरचं होकायंत्र घेऊन आले. साहेबांना त्या वर्षी वास्तुशास्त्राचं वेड लागलं होतं. टेबल पूर्वेला तोंड करून बरोबर बसावं म्हणून त्यांनी ते मुद्दाम विकत आणलं होतं आणि दर सोमवारी ताडून बघायचे. आण्णांनी ते होकायंत्र पट्टीच्या जवळ धरलं. सुई उत्तर सोडून आडवी फिरली. दोन पावलं मागं घेतल्यावर पुन्हा उत्तरेला आली. पुन्हा जवळ धरलं, पुन्हा आडवी. तिथंही ती स्थिर नव्हती. हळूहळू अर्ध्यावर यायची आणि कुणी ओढल्यासारखी परत जायची.

"जमिनीतनं कायतरी वर येतंय सायेब," आण्णा म्हणाले.

माझं मीटर फक्त उलटसुलट होणारा प्रवाह दाखवतं, एकाच दिशेनं वाहणारा त्याला दिसत नाही. हे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. त्या दिवशी मला ते आठवलं नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे सुई फिरली तेव्हाच आठवलं होतं.

टाकीच्या खालच्या अंगाला तळहाताएवढ्या जागी रंग फुगून आला होता. आण्णांनी बोट दाखवलं. मी हात जवळ नेला आणि मागं घेतला. जळक्या रंगाचा वास येत होता. ट्रान्सफॉर्मर बंद करावा तर तालुका अंधारात, दवाखान्यासकट, आणि कारण काय सांगणार? होकायंत्र? आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. मी घड्याळ बघत होतो, आण्णा दांडा कानाला लावून होते. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्यासारखे ते दिसत होते.

बारा पंचवीसला घरघर उतरली आणि दोन मिनिटांत थांबली. सुई उत्तरेला येऊन निमूट उभी राहिली.

आम्ही आत आलो. आण्णांनी नोंदवही उघडली. बाराच्या नोंदीची ओळ कोरी होती. त्यांनी आकडे भरले आणि पेन शेऱ्याच्या रकान्यापाशी आणलं.

इथं खात्याचा एक नियम सांगतो, कारण सगळं त्याच्यावर अडलं. ट्रान्सफॉर्मरचा असाधारण आवाज वहीत नोंदला गेला की चाचणी विभागाला कळवावंच लागतं. त्यांची माणसं येऊन तेलाचा नमुना घेतात. आत काही जळलं असेल तर त्याचे वायू तेलात उतरतात, म्हणून आतली इजा तेलात दिसते. आणि तो नमुना घेतला जाईपर्यंत तिथल्या अभियंत्यानं ठिकाण सोडायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत चाचणीवाले यायला दोन दिवस लागले असते, कदाचित तीन.

माझी बस पाचला होती. दुसऱ्या दिवशी नाशिकला, माझ्या सासुरवाडीला, मुलीचं बारसं होतं. सात वर्षांनी झालेली मुलगी. आधीची दोन राहिली नव्हती. दुसऱ्या खेपेला मी असाच एका उपकेंद्रात अडकलो होतो आणि माझी बायको मेधा दवाखान्यात एकटी होती. तिनं त्याबद्दल मला कधीही एक शब्द ऐकवला नाही, आणि मला तेच जास्त लागत होतं. ह्या मुलीला मी अजून पाहिलंही नव्हतं.

"आण्णा, काय लिहिताय?"

"ऐकलं ते."

"आता तर थांबलंय."

"आता थांबलंय. बाराला चालू व्हतं."

मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. साहेब म्हणून आवाज चढवला असता तर ते कदाचित बधले नसते. मी आवाज चढवला नाही. मी विनवलं, आणि ते वाईट होतं. म्हटलं, उद्या बारसं आहे. म्हटलं, परत आलो की मी स्वतः नमुना काढून पाठवतो, आठ दिवसांनी काय बिघडतंय? म्हटलं, तुम्हालाही मुलगी आहे.

आण्णांनी पेन वहीवर आडवं ठेवलं. मग म्हणाले, "सायेब, जे ऐकलं न्हाई ते म्या कंदी लिवलं न्हाई."

"मग आत्ता ऐकून या. आत्ता जे ऐकाल तेच लिहा."

ते उठले. दांडा घेऊन बाहेर गेले. खिडकीतून मला दिसत होतं, त्यांनी दांडा टाकीला टेकवला, कानाला लावला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मग आत आले आणि बाराच्या ओळीत त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं, 'आवाज सरळ'. सही केली. शेजारी मी सही केली. तेव्हा एक वाजायला वीस मिनिटं कमी होती.

चार वाजता माझ्या जागी येणारा अभियंता आला. मी त्याला काही सांगितलं नाही. निघताना आण्णांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. त्यांच्या बायकोनं, महादेवीबाईंनी, माझ्या मुलीसाठी शिवलेली कुंची होती. लाल खणाची, कडेला पांढरी लेस.

बारसं छान झालं. माझ्या बहिणीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, ईशा, आणि बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. मुलीला ती कुंची घातली होती. मी फोटोत सगळ्यांत पुढे आहे. असा हसणारा मी दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाही.

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. सूर्यावर स्फोट होऊन त्याचं वादळ पृथ्वीवर आदळलं, पृथ्वीचं चुंबकत्व हललं, आणि तिकडे उत्तरेतल्या कुठल्याशा थंड देशात एक शहर तासभर अंधारात गेलं. मांडीवर मुलगी झोपली होती. मी ती बातमी दोनदा वाचली आणि होकायंत्राची सुई माझ्या डोळ्यांपुढे फिरली. पृथ्वीचं चुंबकत्व हललं की लांब तारांमधून आणि जमिनीतून एकाच दिशेचा प्रवाह वाहू लागतो. जमीन पाषाणाची असली तर तो जमिनीतून जात नाही, तारेच्या टोकाला जे सापडेल त्यातून वाट काढतो. टोकाला आम्ही होतो. ट्रान्सफॉर्मरचं लोखंड तेवढ्यानं गुदमरतं, त्याचं चुंबकत्व बाहेर सांडतं, आणि बाहेरची टाकी, आतली बांधणी, जे वाटेत येईल ते तापतं. बोजा असो वा नसो. 'जमिनीतनं कायतरी वर येतंय.' आण्णांनी एका वाक्यात जे सांगितलं होतं ते समजायला मला तीन दिवस आणि वर्तमानपत्र लागलं.

त्याच दिवशी फोन करता आला असता. मी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं.

परत गेल्यावर तेलाचा नमुना काढायचा होता. पण आता तो कशासाठी काढला हे सांगावं लागलं असतं, आणि वहीत तर सगळं सरळ होतं. मी आज, उद्या करत राहिलो. डिसेंबरात रंगकाम निघालं, तेव्हा टाकीवरची ती फुगलेली जागा खरवडून तिच्यावर करडा रंग मारून घेतला. रंगारी काम करत होता तेव्हा आण्णा मागे येऊन उभे राहिले. आवाज खरंच सरळ होता, आणि ते तसंच लिहीत होते. आतली इजा आवाज करत नव्हती. ती तेलात उतरत होती आणि तेल कुणी बघत नव्हतं.

जानेवारीत कारखाने जोरात होते, शेतीचे पंप चालू होते, एक नंबर भरलेला होता. एका दुपारी तीनच्या नोंदीसाठी आण्णा बाहेर गेले. मी आत होतो. काचा फुटल्या तेव्हा मला वाटलं विमान पडलं. धावत गेलो तर एक नंबर पेटला होता. आण्णा वीस फुटांवर खडीत पालथे पडले होते, पाठीवर तेल, आणि हातात अर्धा दांडा. दांडा कानाला लावलेला असतानाच ट्रान्सफॉर्मर फुटला होता.

ते जगले. पाठ भाजली होती, ती तीन महिन्यांत कातडी धरून आली. कान आले नाहीत. दोन्ही पडदे गेले आणि आत जे काही असतं तेही गेलं. डॉक्टरांनी महादेवीबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, यंत्र लावूनही उपयोग नाही. मी तिथं होतो. आण्णा आमच्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. मग त्यांनी मलाच विचारलं, ओरडून, कारण आपला आवाज किती आहे हे त्यांना आता कळत नव्हतं, "सायेब, एक नंबरचं काय झालं?"

चौकशी समिती एप्रिलमध्ये बसली. जळालेला ट्रान्सफॉर्मर उघडल्यावर तज्ज्ञांना दिसलं की आतला काही भाग त्या दिवशी नव्हे, आधीच कधीतरी करपलेला होता. कधी, ते शोधताना त्यांना तो दिवस सापडला. आमच्या लाइनच्या दुसऱ्या टोकाच्या उपकेंद्रात पांडवपंचमीला पावणेबारा ते साडेबारा असाधारण आवाजाची नोंद होती. त्यांनी लगेच कळवलं, तेल तपासलं गेलं, ट्रान्सफॉर्मर वेळेवर दुरुस्त झाला. आमच्या वहीत त्याच तासाला लिहिलं होतं, 'आवाज सरळ'.

समितीनं मग बाकीची पानं उलटली. महिन्यामागून महिने, दर तासाला तेच दोन शब्द, त्याच गोल अक्षरात. त्यांना वाटलं त्यात नवल काही नाही. कुणालाही वाटलं असतं की हा माणूस जागेवर बसून शेरे मारतो.

आण्णा पांढरा सदरा घालून आले होते. समितीत तिघंजण. कारकून प्रश्न कागदावर लिहायचा, आण्णा चष्मा लावून वाचायचे आणि त्या लहान खोलीत मोठ्यानं उत्तर द्यायचे. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. पहिले प्रश्न सोपे होते. मग कारकुनानं लिहिलेला कागद मला बाजूनं दिसला, 'त्या दिवशी बारा वाजता प्रत्यक्ष जाऊन आवाज ऐकला होता काय?'

आण्णांनी वाचला. पुन्हा वाचला. माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात धाक नव्हता, आरोप नव्हता. बोलायचा मान माझा आहे, तो ते मला देत आहेत, असंच काहीसं होतं. मग अध्यक्षांना म्हणाले, "गुळवनी सायबास्नी इचारा. समदं त्येंच्याम्होरं झालं. त्ये सांगतील."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "त्या दिवशी कोरेंनी तुम्हाला आवाजाबद्दल काही सांगितलं होतं का?"

हे सगळं सांगायला बसलो तो याच जागेसाठी. मी त्या क्षणी मुलीचा विचार केला असं म्हणालो तर बरं दिसेल. मी तिचा विचार केला नाही. मी माझी सही त्या ओळीशेजारी आहे एवढाच विचार केला. भ्यालो, दुसरं काही नाही. आणि नुसतं 'नाही' म्हणून थांबलो असतो तरी एक वेळ परवडलं असतं. पण एका शब्दाचं उत्तर खोटं वाटतं, म्हणून मी सविस्तर बोललो.

म्हणालो, "नाही साहेब. कोरे मेहनती माणूस आहे, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्या दिवशी त्यांनी मला काही सांगितलं नाही. मी आत कागदपत्रं बघत होतो. सणाचे दिवस होते, मनुष्यबळ कमी होतं, एखादी फेरी राहिली असेल. मी वहीवर विश्वास ठेवून सही केली."

मी बोलत होतो तोवर आण्णा माझ्या ओठांकडे बघत होते. प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. आवाज कधी सुरू झाला, सुई कशी फिरली, रंग कुठे फुगला, बारसं कुणाचं होतं, हे मी सांगतो आहे असं त्यांना वाटत होतं. मी थांबलो तेव्हा ते अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "व्हय. असंच झालं."

अध्यक्षांनी भुवया वर केल्या. कारकुनानं ते वाक्य लिहून घेतलं. कबुलीजबाब म्हणून.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचा आवाज अख्ख्या इमारतीत गेला असेल. "लई उपकार झाले सायेब. तुमच्या जिवावर बेतलं आसतं, तरी खरं बोलला." माणसं वळून बघत होती. मी हात सोडवून घेतला नाही. तेवढंही मला जमलं नाही.

दोन महिन्यांनी हुकूम आला. प्रत्यक्ष न जाता नोंदी केल्याबद्दल सिद्राम कोरे यांना सेवेतून काढण्यात येत आहे. माझ्या जबाबाचा हुकुमात उल्लेख नव्हता. मला ताकीद मिळाली आणि पुढच्या वर्षी बढती. आण्णांनी क्वार्टर सोडलं आणि ते सोलापुरात बायकोच्या भावाकडे, विणकरांच्या वस्तीत राहायला गेले. मी एकदा गेलो होतो. मागांच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलता येत नव्हतं. आण्णा दारात खाटेवर बसले होते, आणि एवढ्या आवाजात स्वस्थ असलेला तो एकच माणूस होता. त्यांनी महादेवीबाईंना हाक मारून सांगितलं, सायेब आलेत, चहा टाक. मी सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. कागद आणि पेनसुद्धा नेलं होतं. चहा पिऊन परत आलो.

नंतर गेलो नाही.

आण्णा गेल्या वर्षी वारले. मला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. बातमी त्यांच्या मुलीनं, सुवर्णानं, आणली. ती आता पुण्यात नोकरी करते. कुठून तरी पत्ता काढून एका रविवारी सकाळी आमच्याकडे आली. चाळिशीची बाई, वडिलांसारखंच कपाळ. पाणी घेऊन ईशा आली आणि तिथंच थांबली.

सुवर्णा म्हणाली, "शेवटपर्यंत तुमचं नाव घ्यायचे. म्हणायचे, साहेबांनी माझ्यासाठी खरं सांगितलं, पण बहिरे ते तिघं निघाले."

मी ईशानं आणलेलं पाणी तिच्यापुढे केलं.

तिला माझ्याकडून काही नको होतं. खात्याशी भांडायचं नव्हतं, ते दिवस संपले होते. एकच मागणं होतं. नातेवाइकांत, वस्तीत लोक अजून म्हणतात की सिद्राम न ऐकता लिहायचा. आईला ते फार लागतं. तर त्या दिवशी समितीपुढे मी जे सांगितलं, ते एका कागदावर लिहून द्यायचं. आईला वाचून दाखवीन, म्हणाली. नंतर फ्रेम करून बाबांच्या फोटोशेजारी लावू.

"बाबा, द्या ना लिहून," ईशा म्हणाली. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती तसं तिनं आजवर कधी बघितलं नव्हतं. "मला हे कधी सांगितलंच नाहीत तुम्ही."

मी कागद घेतला. सगळं लिहिलं. आण्णा पावणेबाराला दारात आले ते, होकायंत्राची सुई, फुगलेला रंग, बस, बारसं, मी केलेली विनवणी, ते पुन्हा बाहेर जाऊन ऐकून आले ते. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. वर लिहिलं, 'चौकशी समितीपुढे दिलेला जबाब', आणि खाली त्या एप्रिलमधली तारीख घालून सही केली. चुकीच्या ओळीत खरं लिहिणं मला येत होतंच.

सुवर्णानं कागद कपाळाला लावला आणि तिथूनच आईला फोन लावला. महादेवीबाईंना आता कमी ऐकू येतं. सगळं मोठ्यानं वाचावं लागलं, आणि त्यांनी पुन्हा वाच म्हटल्यावर पुन्हा पहिल्यापासून. ईशा माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी दोन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकलं.